हाताविना चाललेले घड्याळ

मी एक जुने मनगटी घड्याळ आहे, ऑटोमॅटिक म्हणतात त्या जातीचे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या घड्याळात बहुधा बॅटरी असेल. माझ्यात ती नाही. मला चावीही देता येत नाही. माझ्या उजव्या अंगाला एक छोटी खुंटी आहे, पण ती ओढून काटे आणि तारीख तेवढी बदलता येते. माझे मागचे झाकण उघडले, तर आत धातूची एक अर्धी चकती दिसेल, अर्ध्या भाकरीसारखी. ज्याने मला बांधले आहे त्याचा हात हलला की ती आपल्या वजनाने घरंगळते, आणि ती फिरली की माझी स्प्रिंग थोडी थोडी गुंडाळली जाते. स्प्रिंग पूर्ण गुंडाळलेली असेल तर मी साधारण चाळीस तास चालतो. त्या वेळात हात हललाच नाही, तर मी थांबतो.

हे आधी सांगून ठेवले, कारण माझ्या हातून जे घडले ते याच रचनेमुळे घडले.

अंबडच्या एका कारखान्यात पंधरा वर्षे एकही खाडा न केल्याबद्दल मी सहादूभाऊंना बक्षीस मिळालो. खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी. सहादूभाऊ मूळचे नांदगाव तालुक्यातले. कारखान्यात ते फिटर होते. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात लोखंडाचा तुकडा आवळून त्यावर कानस चालवायची आणि तो हव्या त्या मापाला आणायचा, हे त्यांचे काम. उजव्या हातात कानशीची मूठ, डाव्या हाताचा तळवा तिच्या टोकावर. मी डाव्या मनगटावर. दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे. माझी चकती अशी फिरायची की दुपारच्या सुट्टीपर्यंत स्प्रिंग भरून जाई.

बक्षीस घेऊन ते घरी आले तेव्हा त्यांच्या पत्नी सरूबाई म्हणाल्या, "आपलं लग्न सुट्टीच्या दिवशी लागलं ते बरं. नाहीतर नवरदेव हार घालून शिफ्टला गेला असता."

"गेलोच असतो," सहादूभाऊ म्हणाले. "तू काय पळून जाणार होतीस?"

ती माझी चांगली वर्षे होती. कानशीचा बारीक लोखंडी भुगा माझ्या पट्ट्याच्या छिद्रांत बसायचा. सहादूभाऊ रोज घरी आले की जुन्या दात घासायच्या ब्रशने तो काढत. तीन-चार वर्षांनी एकदा ते मला मेन रोडवरच्या सुनीलच्या छोट्या दुकानात तेलपाण्यासाठी नेत. एकदा सहादूभाऊंना ताप आला होता आणि मी तीन दिवस कपाटात थांबून होतो. ते काळजीने मला घेऊन गेले. सुनीलने मला कानाशी धरून हळूच हलवले. मी चालू लागलो.

"काही झालेलं नाही याला," सुनील म्हणाला. "थांबलं म्हणजे बिघडलं नव्हे, भाऊ. आराम करत होतं. तुम्ही केला ना, तसाच. घालाल तेव्हा चालेल."

हे वाक्य सहादूभाऊंनी ऐकले होते. मीही ऐकले होते. म्हणून मला पुढचे सांगताना अधिक वाईट वाटते.

निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षे झाली होती. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात एका सकाळी अंघोळीहून येताना सहादूभाऊंच्या डाव्या अंगावरून वारे गेले. मी तेव्हा टेबलावर होतो. त्यांनी मला उचलायला डावा हात पुढे केला, आणि तो पुढे आलाच नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी मान वळवून आपल्याच हाताकडे पाहिले, दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसे.

दवाखान्यातून ते तीन आठवड्यांनी घरी आले. पाय हळूहळू सुधारत होता. काठी घेऊन ते सिडकोतल्या आपल्या घरात खोलीतून खोलीत जाऊ लागले. हात मात्र मांडीवर तसाच पडून असे. त्यांना व्यायाम शिकवायला भाग्यश्री नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली. ती कमी बोलायची आणि प्रत्येक गोष्ट मोजायची. तिच्याकडे दोन पाती जोडलेली एक पारदर्शक पट्टी होती. ती कोपराशी धरून तिने पहिल्याच दिवशी सांगितले, "काका, हात पूर्ण सरळ व्हायला वीस अंश कमी पडताहेत. बोटं मी उघडली तर उघडतात. म्हणजे अजून आखडलेली नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत हाताला जेवढं काम द्याल, तेवढा तो परत येण्याची शक्यता जास्त. नंतरही येतो, पण फार हळू, आणि सगळा येतोच असं नाही."

मग तिने विचारले, "कारखान्यात काय काम करायचात?"

सहादूभाऊंनी सांगितले. पुढच्या वेळी ती येताना एक छोटा व्हाइस घेऊन आली. तो तिने जेवणाच्या टेबलाच्या कडेला बसवला, त्यात सागाचा एक ठोकळा आवळला आणि सहादूभाऊंचीच जुनी कानस त्यांच्या पुढ्यात ठेवली. डावा हात कानशीच्या टोकावर ठेवायचा, उजव्याने ढकलायचे, डाव्याने साथ द्यायची. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास.

"आणि हे घड्याळ डाव्याच हाताला बांधायचं," ती मला पाहून म्हणाली. "हे ऑटोमॅटिक आहे ना? मग हाच तुमचा हजेरीवाला. चालण्याने थोडं हलेल, पण तेवढ्यावर याचं भागणार नाही. तीन वेळा काम केलंत तर हे चालत राहील. थांबलं तर समजायचं, तुमचा खाडा झाला."

सहादूभाऊ हसले. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच हसले होते. "ताई, त्याला विचारा. आपला खाडा नाय."

मित्रांनो, कोणत्याही घड्याळाला याहून मोठे काम मिळत नसेल. मी नुसती वेळ सांगत नव्हतो. एक हात परत येतो आहे की नाही, हे सांगत होतो.

फेब्रुवारीत पहिले दोन आठवडे मी चाललो. सरूबाई स्वयंपाकघरातून कानशीचा आवाज ऐकत आणि तो मंदावला की म्हणत, "झोपलात का हो?" मग आवाज पुन्हा सुरू होई. माझ्या चकतीला त्या हाताचा जोर कळत असे. तो फार थोडा होता, पण होता. एके दिवशी उजवा हात थांबल्यावरही डावा बोटभर पुढे सरकला. ते कोणाला दिसले नाही. मला कळले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याबरोबर काम केलेले सोमनाथ भेटायला आले. सहादूभाऊ तेव्हा टेबलाशी बसून ठोकळा घासत होते. डावा तळवा सारखा घसरत होता, ठोकळ्यावर वेडेवाकडे ओरखडे उठले होते. सोमनाथ मनाने चांगले होते, पण बोलायला मोकळे. ते ठोकळ्याकडे पाहून म्हणाले, "काय उस्ताद, पुन्हा ट्रेनी म्हणून भरती झाला का? हा जॉब तर मी रिजेक्ट करीन बुवा."

सहादूभाऊही हसले. चहा झाला. सोमनाथ गेले. मग सहादूभाऊंनी अंगठ्याने त्या ठोकळ्याचा पृष्ठभाग चाचपला. केसाच्या जाडीचा फरक याच अंगठ्याला पूर्वी कळत असे. त्यांनी कानस फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी थांबलो.

त्यांनी मला पाहिले आणि कोणाला काही न सांगता उजव्या हाताने हलवून चालू केले. दोन दिवसांनी मी पुन्हा थांबलो. त्या वेळी त्यांचा मुलगा अमोल बंगळूरूहून व्हिडिओ कॉलवर होता.

"नाना, घड्याळात दहा वाजलेत. इथे तर पाच झाले."

"थांबलंय मेलं," सहादूभाऊ म्हणाले. "सारखं थांबतंय."

त्यांचा चेहरा पाहून अमोलने पुढे काही विचारले नाही. मी का थांबतो आणि माझ्या थांबण्याचा अर्थ काय, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. त्याला एवढेच दिसले, की वडिलांना त्याचा त्रास होतो आहे. आठवड्याभरात त्याने मागवलेले पार्सल घरी आले.

तो एक तपकिरी डबा होता, काचेच्या झाकणाचा. त्याला वाईंडर म्हणतात. आत एक मऊ उशी असते. तिला घड्याळ बांधून डब्याची वायर भिंतीत लावली की उशी गोल फिरते. दोन मिनिटे फिरते, थोडा वेळ थांबते, पुन्हा फिरते. अमोलने फोनवर समजावले, "रात्री झोपताना यात ठेवायचं. सकाळी पूर्ण भरलेलं मिळेल. शिवाय ऑटोमॅटिक घड्याळ बंद राहिलं की आतलं तेल सुकतं म्हणे."

तसे काही होत नाही, हे सहादूभाऊंना सुनीलने कधीच सांगितले होते. ते एवढेच म्हणाले, "हां, बरोबर हाय तुझं."

त्या दिवसापासून कितीतरी महिने मी थांबलो नाही.

तुम्ही विचाराल, त्यात वाईट काय? एखाद्याकडे पाच-सहा घड्याळे असतील, रोज वेगळे घालायचे असेल, दर वेळी तारीख जुळवायचा कंटाळा असेल, तर असा डबा ठेवायला हरकत नाही. मी डब्याला दोष देत नाही. त्याला जे काम सांगितले ते तो नेमाने करत होता. पण मला फरक कळत होता. हात कसा हलेल ते आधी सांगता येत नाही. हात कप उचलतो, मान खाजवतो, दाराची कडी काढतो, बोलता बोलता उगाच हवेत फिरतो. डबा तेच वर्तुळ काढतो. सकाळी सरूबाई मला डब्यातून काढून सहादूभाऊंच्या डाव्या मनगटावर बांधत तेव्हा माझी स्प्रिंग पूर्ण भरलेली असे. मग तो हात दिवसभर मांडीवर पडून राहिला, तरी मी चालत असे. सेकंदकाटा फिरत असे. मी अचूक वेळ दाखवत असे, आणि खोटी हजेरी.

भाग्यश्रीला दिवस गेले होते, त्यामुळे मार्चमध्ये तिचे येणे कमी झाले, आणि महिन्याच्या शेवटी ती बाळंतपणासाठी माहेरी विंचूरला निघाली. जाण्याआधी ती म्हणाली, "माझ्या जागी दुसऱ्या कोणाला पाठवते."

"कशाला उगा?" सहादूभाऊ म्हणाले. "रोज काय करायचं ते मला म्हाइत झालंय. आन् हजेरीला घड्याळ हाय ना."

तिने माझ्याकडे पाहिले. मी चालत होतो. तिने मान डोलावली.

ती गेल्यावर सरूबाई दारातच उभ्या राहिल्या. "अहो, तिला डब्याचं सांगायला हवं होतं."

"काय सांगायचं? घड्याळ माझं, डबा माझ्या पोराचा."

"पण ती त्याच्यावर भरवसा ठेवून गेली."

सहादूभाऊ काठी घेऊन खुर्चीकडे वळले. बसता बसता म्हणाले, "करीन गं. उद्यापासून करीन. तोवर तरी ते बंद पडलेलं मला नको दिसायला. लय लागतं मनाला."

सरूबाईंना त्यांचा उतरलेला चेहरा पाहवत नव्हता. त्यांनी भाग्यश्रीला काही कळवले नाही, आणि त्या रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने मला डब्यात ठेवू लागल्या.

विंचूरहून भाग्यश्री दर आठवड्याला फोन करी. बाळ झाल्यावर तीन आठवडे तिचा फोन आला नाही. मग पुन्हा येऊ लागला, मागे बारीक रडण्याचा आवाज असे.

"काका, घड्याळ दाखवा बरं."

सहादूभाऊ उजव्या हाताने डावे मनगट उचलून मला फोनसमोर धरत.

"छान. चालू आहे. असंच ठेवा."

प्रत्येक वेळी तिने "छान" म्हटले की सहादूभाऊ मान खाली घालत. मला वाटे, आता सांगतील. माझ्याजवळ सांगण्यासारखा एकच शब्द आहे, तो म्हणजे थांबणे. तो मला उच्चारताच येत नव्हता. एप्रिल गेला, मे गेला, जून गेला. डाव्या हाताची बोटे हळूहळू आत वळत गेली. पट्टा बांधताना सरूबाईंना आधी मनगट सरळ करावे लागे. मग तेही अवघड होऊ लागले. फडक्यात गुंडाळलेल्या कानशीवर पावसाळ्यात गंजाचे ठिपके आले.

ऑगस्टमध्ये भाग्यश्री परत आली. आल्या आल्या तिने मला पाहिले आणि समाधानाने आपली पट्टी काढली. कोपराशी धरली. पुन्हा धरली. मग बोटे उघडून पाहिली. सहादूभाऊंनी दात आवळले.

"जानेवारीत वीस अंश होते," ती म्हणाली. "आज पंचेचाळीस आहेत. बोटं आखडली आहेत."

तिने पट्टी मिटून टेबलावर ठेवली.

"हे घड्याळ चार महिने चालू आहे आणि हा हात चार महिने हललेला नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, काका."

सरूबाई उठल्या. आतल्या खोलीत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. त्यांनी तो टेबलावर ठेवला, व्हाइसच्या शेजारी. वायर मागे लोंबत होती. भाग्यश्रीने झाकण उघडून उशीला बोट लावले. ती उशी कशासाठी आहे हे तिला लगेच कळले.

ती रागावली असती तर बरे झाले असते. ती खुर्चीत बसली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "एकाच मापावर विसंबायला नको होतं. मला कोपर बघायला हवं होतं, मी घड्याळ बघत बसले."

"तुझी कशी चूक, बाई," सरूबाई म्हणाल्या. "ठेवत तर मी होते."

"खाडा माझा हाय," सहादूभाऊ म्हणाले. आणि मग डाव्या हाताकडे पाहत, "किती गेलं, ताई?"

"माहीत नाही. जे येऊ शकलं असतं ते मोजता येत नाही, काका. राहिलंय तेवढं मोजू या."

मित्रांनो, मी पुष्कळदा त्या फेब्रुवारीतल्या दिवसाचा विचार करतो, जेव्हा डावा हात एकट्याने बोटभर पुढे सरकला होता. तो क्षण फक्त मला माहीत होता. नंतरचे सगळे महिने मी एका मऊ उशीवर गोल फिरत राहिलो, आणि लोक माझ्याकडे पाहून खूश होत राहिले.

दिवाळीला अमोल आला. त्याला सगळे कळले तेव्हा तो डबा हातात घेऊन बसून राहिला. "मला कोणी सांगितलं का नाही, नाना? मला वाटलं, घड्याळच खराब झालंय."

"तुला तसंच वाटावं, असं मला वाटत होतं," सहादूभाऊ म्हणाले. "तू काळजीनं पाठवलंस रे. त्यात तुझं काय चुकलं नाय."

अमोलने डबा परत नेला नाही. सरूबाई आता त्यात सुईदोरा आणि बटणे ठेवतात. काचेच्या झाकणातून ती छान दिसतात.

मी पुन्हा डाव्या मनगटावर असतो. भाग्यश्री दर आठवड्याला येते आणि आता आधी कोपर मोजते, मग मला पाहते. कोपर पस्तीस अंशांवर आले आहे. बोटे मात्र उघडत नाहीत. ती आता बहुधा उघडणार नाहीत, असे तिने सहादूभाऊंना स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे सरूबाई एका जुन्या ओढणीच्या पट्टीने डावा तळवा कानशीच्या टोकाला बांधतात. उजवा हात ढकलतो, डावा बांधलेला मागोमाग जातो. जमेल तेवढा स्वतःचाही जोर लावतो. त्या जोराने मी भरत नाही. दोन दिवसांआड मी थांबतोच. सहादूभाऊ आता ते लपवत नाहीत. मी थांबलो की मोठ्याने सांगतात, "सरू, आपला खाडा." आणि सरूबाई हात पुसत बाहेर येतात.

तुमच्याही घरी एखादे जुने घड्याळ असेल, कपाटात बंद पडलेले. त्याची काळजी घ्या. कोरड्या फडक्याने पुसा, दमट जागी ठेवू नका, काही वर्षांनी जाणत्या माणसाकडून तेलपाणी करून घ्या. पण ते थांबलेले दिसले म्हणून घाबरू नका, आणि घाईने त्याला फिरवायला कोणता डबाही आणू नका. आधी त्या हाताची चौकशी करा, ज्या हातावर ते असायचे.

आत्ता मी व्हाइसच्या शेजारी थांबलेलो आहे. माझ्या काट्यांत चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत. खरी वेळ काय आहे ते मला ठाऊक नाही. खिडकीतून सकाळचे ऊन टेबलावर आले आहे. सरूबाई व्हाइसमध्ये नवा ठोकळा आवळत आहेत आणि ओढणीची पट्टी त्यांच्या खांद्यावर आहे. सहादूभाऊंनी काठी भिंतीला टेकवली आहे.

कृपा करून मला कोणी हलवू नका. हात येतो आहे.